मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल तर नोंदणीचे काय, हे आधी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांच्या करिअर पुरवण्यांतून मानसशास्त्राविषयीचे लेख येऊ लागतात आणि अलीकडे त्यांची संख्या वाढली आहे, याचा मला आनंदच वाटतो. दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून एकेकाळी घेतला जाणारा हा विषय आता उत्तम गुण असलेले विद्यार्थी आपण होऊन निवडतात, त्यांचे पालकही पूर्वीइतके कपाळाला आठ्या घालत नाहीत. मात्र यांतील बहुतेक लेखांचा सूर असा असतो, की ज्याला माणसांचे ऐकून घ्यायला आवडते आणि ज्याच्याजवळ सहानुभूती आहे त्याच्यासाठी हे क्षेत्र खुले आहे. पदवी मिळाल्यावर रुग्ण पाहण्याचा अधिकार कोण देते, तो कोणत्या कायद्याने मिळतो आणि त्यासाठी आणखी किती वर्षे कोणाच्या देखरेखीखाली काम करावे लागते, याविषयी लेखाच्या शेवटी एखादे वाक्य असते, कधी तेही नसते. शासकीय रुग्णालयात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करताना आणि प्रशिक्षणार्थींना शिकवताना या अपुऱ्या माहितीचे परिणाम मी पाहिले आहेत. एम.ए.ची गुणपत्रिका घेऊन ‘आता मला रुग्ण पाहता येतील ना?’ असे विचारणाऱ्या मुलामुलींना नकारार्थी उत्तर द्यावे लागते, तेव्हा त्यांच्या आयुष्यातील पाच वर्षे संपलेली असतात आणि हे आधी कोणी का सांगितले नाही, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर नसते.

वस्तुस्थिती अशी आहे. मानसशास्त्रात बी.ए. आणि एम.ए. केल्याने विद्यार्थी त्या विषयाचा जाणकार होतो. मानसिक आजारावर उपचार करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजेच चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असावे लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने अस्तित्वात आली आणि विद्यार्थ्यांमध्ये ती आरसीआय याच नावाने ओळखली जाते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्येही चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणायचे याची व्याख्या दिलेली आहे आणि तिच्यात आरसीआयची मान्यता असलेली पात्रता किंवा पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखालील प्रत्यक्ष प्रशिक्षणासह केलेला दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम अपेक्षित धरला आहे. या दोन वर्षांत विद्यार्थी बाह्यरुग्ण विभागात आणि वॉर्डात बसतो, चाचण्या घेतो, नोंदणीकृत वरिष्ठांच्या नजरेखाली उपचाराची सत्रे घेतो, प्रबंध लिहितो. पहिले काही महिने तर केस हिस्टरी लिहिणे आणि ती वरिष्ठांकडून लाल शाईने खोडून घेणे यातच जातात. त्या खोडाखोडीचा राग येत असला तरी हा व्यवसाय माणूस तिथेच शिकतो. पुनर्वसन मानसशास्त्राचा नोंदणीकृत मार्गही आहे, तो वेगळा आहे आणि त्याच्या मर्यादाही वेगळ्या आहेत. औद्योगिक, शैक्षणिक किंवा क्रीडा मानसशास्त्रात जायचे असेल त्यांची गोष्ट निराळी. त्यांना या नोंदवहीची गरज नसते, परंतु त्यांनी उद्या रुग्ण तपासण्याचा मोहही धरू नये.

हा मार्ग सध्या बदलतो आहे आणि म्हणूनच मी हे पत्र आत्ता लिहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीतून एम.फिल. ही पदवीच बंद केली. त्यानंतर चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार सामाजिक कार्य या दोन विषयांपुरती २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत वाढवून देण्यात आली, कारण या दोन विषयांत एम.फिल. ही संशोधनाची पायरी नसून व्यवसायात येण्याची पात्रता होती. दुसऱ्या बाजूने आरसीआयने क्लिनिकल सायकॉलॉजीची ऑनर्ससह चार वर्षांची बी.एस्सी., त्याच विषयाचे एम.ए. आणि साय.डी. (मानसशास्त्रातील व्यावसायिक डॉक्टरेट) अशी नवी रचना आणली आहे. तेव्हा सर्वसाधारण एम.ए. मानसशास्त्र आणि आरसीआयची मान्यता असलेले एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी यांची नावे जवळजवळ सारखी दिसत असली, तरी दुसऱ्याच्या शेवटी नोंदणी आहे आणि पहिल्याच्या शेवटी नाही. प्रवेशअर्ज भरणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला हा फरक माहितीपत्रकावरून कळणे कठीण आहे. काही खासगी संस्थांची माहितीपत्रके तो कळू नये अशाच बेताने लिहिलेली असतात, असे मला वाटू लागले आहे. विद्यार्थ्याने प्रवेश घेताना एकच गोष्ट लेखी मागावी: या विशिष्ट अभ्यासक्रमाला, या विशिष्ट वर्षासाठी आरसीआयची मान्यता आहे का? संस्थेला मान्यता आहे आणि अभ्यासक्रमाला मान्यता आहे, ही दोन वेगळी विधाने आहेत.

दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाबाबतही २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने निर्णय घेतला आहे. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१ च्या राष्ट्रीय आयोग कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, आणि त्यांत मानसशास्त्रही आले, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ पद्धतीने देता येणार नाहीत. निर्णयामागचा विचार मला पटतो, कारण समोर माणूस नसताना हे काम शिकता येत नाही. तरीही नोकरी सांभाळून किंवा मुले हाताशी आल्यावर दूरस्थ पद्धतीने या विषयाकडे वळलेल्या असंख्य स्त्रियांचा विचार या निर्णयात कुठे दिसत नाही. त्यांच्यातील काहीजणी पुढे उत्तम प्रशिक्षणार्थी ठरल्या, हे मी स्वतः पाहिले आहे. रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत सायंकालीन किंवा अर्धवेळ वर्ग काढणे अशक्य नाही; पर्याय न देता दार लावून घेणे मात्र योग्य नव्हे.

इतक्या वर्षांच्या प्रशिक्षणाचा आग्रह म्हणजे या व्यवसायाने स्वतःभोवती घातलेले कुंपण आहे, असा आक्षेप घेतला जातो. समजूतदार, प्रेमळ माणूस दुसऱ्याचे दुःख हलके करू शकत नाही का? जरूर करू शकतो. परंतु मंत्रचळाचे, म्हणजे ज्याला आता सर्वजण ओसीडी म्हणतात त्या आजाराचे उदाहरण घ्या. हाताला जंतू लागले असतील, दार उघडे राहिले असेल, आपल्या हातून कोणाला इजा झाली असेल, अशा विचारांनी रुग्ण पछाडलेला असतो आणि समोरच्याला पुनःपुन्हा विचारतो, ‘नक्की काही झाले नाही ना?’ प्रेमळ आणि अप्रशिक्षित समुपदेशक प्रत्येक वेळी धीर देतो, की काही झालेले नाही, काळजी करू नका. त्या क्षणी रुग्णाला बरे वाटते, भेटीचे समाधानही वाटते. मात्र असे धीर मागणे हा त्या आजाराच्या चक्राचाच भाग असल्यामुळे मिळालेल्या प्रत्येक आश्वासनासरशी आजार घट्ट होत जातो. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी याच्या उलट दिशेने जाणारे उपचार प्रसिद्ध केले: ज्याची भीती वाटते त्याला रुग्णाने ठरवून सामोरे जायचे आणि त्यानंतरची हात धुण्याची, तपासण्याची किंवा विचारण्याची कृती करायची नाही. त्यातून पुढे विकसित झालेली पद्धत आज या आजारावरील प्रमुख मानसोपचार मानली जाते. रुग्ण कासावीस होऊन धीर मागत असताना तो न देणे, आणि तरीही आपण त्याच्या बाजूचे आहोत हे त्याला जाणवू देणे, हे चांगल्या स्वभावाने आपोआप येत नाही; उलट चांगला स्वभाव इथे आड येतो. माझ्या प्रशिक्षणार्थींपैकी मायाळू मुलांनाच हे शिकायला सर्वांत जास्त वेळ लागत असे.

आपत्तीनंतरच्या समुपदेशनाबाबतही तेच म्हणता येईल. भूकंप, पूर किंवा मोठा अपघात झाला की तातडीने प्रत्येकाला एका बैठकीत बसवून घडलेल्या प्रसंगाचे सविस्तर वर्णन करायला लावण्याची पद्धत एकेकाळी जगभर रूढ होती आणि तिचा हेतू उदात्त होता. तिचा काटेकोर अभ्यास झाल्यावर पुढील त्रास तिच्यामुळे टळतो असे दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटना आता तिची शिफारस करत नाही आणि त्याऐवजी सुरक्षितता, निवारा, नातेवाइकांशी संपर्क आणि ज्याला बोलायचे असेल त्याचे ऐकून घेणे, अशा प्राथमिक मानसिक आधारावर भर देते. आपल्याकडे मात्र दुर्घटना घडली की दुसऱ्या दिवशी समुपदेशकांचे जथे जातात आणि त्यांची छायाचित्रेही छापून येतात.

चाचण्यांचे काम तर लोकांच्या नजरेला पडतच नाही, आणि करिअर पुरवण्यांत त्याविषयी अवाक्षरही नसते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमर यांनी १८९६ साली जगातील पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय काढले, तेव्हा त्यांच्याकडे आलेला पहिला रुग्ण शुद्धलेखन जमत नाही म्हणून शिक्षिकेने आणलेला एक शाळकरी मुलगा होता. आजही मानसशास्त्रज्ञाचे बरेचसे काम अशाच मुलांचे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार हे सर्व त्यांत येतात. त्यांचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी लागणारा चाचणीचा अहवाल मानसशास्त्रज्ञ लिहितो आणि त्यावर परीक्षेतील सवलत, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, कधी पालकत्वाचे निर्णयही अवलंबून राहतात. एका दुपारच्या घाईने लिहिलेला अहवाल मुलाच्या मागे आयुष्यभर लागू शकतो.

याच संदर्भात मराठी वाचकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बुद्धिमापन चाचणी तयार करण्याचे मोठे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडला केले. स्टॅनफर्ड-बिने चाचणीचे ते रूपांतर बिने-कामत चाचणी या नावाने ओळखले जाते आणि इतक्या दशकांनंतरही ते आपल्याकडे वापरात आहे. कामतांच्या चिकाटीला वंदन करूनही विचारावेसे वाटते, की त्यानंतर आपण काय केले? जुन्या मानकांवर, म्हणजे पूर्वीच्या मुलांच्या गुणांवरून ठरवलेल्या सरासरीवर, आजच्या मुलांची तुलना केली तर बुद्ध्यांक प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो, हे १९८० च्या दशकात जेम्स फ्लिन यांनी अनेक देशांतील आकडेवारीवरून दाखवून दिले. याचा अर्थ असा, की मर्यादेच्या अगदी जवळ असलेले, मदतीची खरी गरज असलेले मूल जुन्या मानकांमुळे ‘सामान्य’ ठरून प्रमाणपत्राला मुकू शकते. मराठी मुलांसाठी नवी मानके तयार करायची तर हजारो मुलांची चाचणी घ्यावी लागेल, शहरांतील आणि पाड्यांवरील नमुने घ्यावे लागतील, संख्याशास्त्र पक्के असावे लागेल. हे कामही मानसशास्त्रज्ञाचेच आहे. गणिताची धास्ती म्हणून मानसशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राविषयी आधीच सांगून ठेवलेले बरे. पदव्युत्तर पातळीवर त्यातून सुटका नाही.

भाषेचा प्रश्न येथेच येतो. प्रवेशपरीक्षा इंग्रजीत, पाठ्यपुस्तके इंग्रजीत, प्रबंधही इंग्रजीत. त्यामुळे मराठी माध्यमातील विद्यार्थी बिचकतो आणि अर्ज करण्याआधीच माघार घेतो. रुग्णालयात मात्र समोर बसलेली बाई ‘जीव घाबराघुबरा होतो’, ‘डोक्यात मुंग्या येतात’, ‘कशात मन लागत नाही’ असे सांगत असते आणि तिच्या या बोलण्यातून चिंतेचा विकार, नैराश्य किंवा एखादा शारीरिक आजार वेगळा काढायचा असतो. मी पाहिलेल्या प्रशिक्षणार्थींत गुणपत्रिकेवर मागे असलेली, ग्रामीण भागातून आलेली मुले या बाबतीत कितीतरी पुढे असत. प्रवेशाच्या वेळी इंग्रजीच्या सफाईला जितके महत्त्व मिळते त्याच्या निम्मे जरी रुग्णाच्या बोलीशी असलेल्या ओळखीला मिळाले, तरी निवड अधिक चांगली होईल.

आता मागणी आणि पुरवठा यांची तफावत पाहा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (या राज्यांत महाराष्ट्र नव्हता) विविध मानसिक विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मार्गदर्शक तत्त्वे घालून देताना १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे सांगितले. निर्देश स्वागतार्ह आहे. पण महाराष्ट्रातील शाळा, महाविद्यालये आणि शिकवणी वर्ग यांची संख्या डोळ्यांसमोर आणली, की इतकी पात्र माणसे आणायची कुठून, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे सोपे उत्तर शाळा शोधतीलच: एखाद्या शिक्षिकेला चार दिवसांच्या कार्यशाळेला पाठवायचे आणि दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावायची. नोंदणीकृत प्रशिक्षणाच्या जागा वाढवल्याशिवाय न्यायालयाच्या आदेशाचे पालन कागदावरच होणार आहे. जागा वाढत नाहीत याचे कारण विद्यार्थ्यांची कमतरता हे मुळीच नाही. प्रत्येक प्रशिक्षणार्थीमागे नोंदणीकृत शिक्षक लागतो, आणि शासकीय रुग्णालयांत तसे शिक्षक नेमण्यासाठी लागणारी पदे रिक्त किंवा कंत्राटी असतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून सुरू आहे आणि त्याच्या पथकात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ अपेक्षित आहे. दरवर्षी नूतनीकरणाची वाट पाहायला लावणाऱ्या पदावर, इतके शिकलेला माणूस तालुक्याच्या गावी टिकत नाही, याचे आश्चर्य वाटायला नको.

पात्र माणसे कमी आणि गरज प्रचंड, अशा ठिकाणी जे होते तेच येथे झाले आहे. आरसीआयच्या कायद्यात नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाची ही रक्कम आज कोणालाही धाक घालू शकत नाही. शिवाय ‘समुपदेशक’, ‘माइंड कोच’, ‘थेरपिस्ट’ अशा पाट्या लावणारे या तरतुदीच्या कक्षेबाहेरच राहतात. २०२१ च्या कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञांखेरीज इतर मानसशास्त्रज्ञांना आणि काही प्रकारच्या समुपदेशकांना वर्तनविषयक आरोग्यसेवेच्या गटात घेतले आहे, त्यामुळे त्यांची नोंदवही राज्य पातळीवर ठेवण्याची सोय कायद्यात आहे. ही नोंदवही सामान्य माणसाला मराठीत, नाव टाइप करून पाहता आली पाहिजे. ज्या दिवशी तसे होईल त्या दिवशी विद्यार्थ्यांनाही नोंदणीचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकारशास्त्र विभागात मान्यताप्राप्त प्रशिक्षणाच्या जागा सुरू कराव्यात, त्यासाठी शिक्षकांची पदे नियमित करावीत आणि प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन द्यावे, अशी माझी मागणी आहे. विद्यावेतनाविना पूर्णवेळ काम म्हणजे ही दोन वर्षे ज्यांना परवडतात त्यांच्यासाठीच व्यवसाय राखून ठेवणे होय, आणि मग वर उल्लेखिलेली ग्रामीण भागातील मुले इथवर पोहोचणारच नाहीत.

वृत्तपत्रांकडूनही दोन अपेक्षा आहेत. मानसिक आरोग्याविषयी सदर लिहिणाऱ्याच्या नावाखाली त्याची पात्रता आणि नोंदणी क्रमांक छापावा. औषधांविषयी लिहिणारा डॉक्टर आहे की नाही हे आपण पाहतोच. दुसरे असे, की पुढील प्रवेशाच्या हंगामापूर्वी आपल्या पुरवणीत महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त संस्था, त्यांचे अभ्यासक्रम आणि जागा यांची माहिती एकत्र प्रसिद्ध करावी. मान्यताप्राप्त संस्थांची यादी आरसीआयच्या संकेतस्थळावर असते, पण ती इंग्रजीत असते आणि ज्या विद्यार्थ्याला तिची गरज सर्वाधिक आहे, त्याला ती तिथे आहे हेच ठाऊक नसते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चिकित्सा मानसशास्त्रज्ञ